कर्जदार निवांत, जामीनदार जागा

हा प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातून आला आहे. विचारणारा तरुण एका पतसंस्थेत वसुलीला आहे. दिवसभर थकबाकीदारांच्या याद्या आणि त्यांच्या दारात चकरा, लग्नसराईत माइक हातात घेऊन सूत्रसंचालन, आणि रात्री जेवणं झाली की विनोदी लिखाण. त्याची अडचण थोडक्यात अशी: नोकरीनं डोकं बधिर होतं, सुचतच नाही. कधी सुचलं आणि बोललो तर कुणीतरी रुसतं. वय तिशीपार गेलं, तर नोकरी सोडून पुण्याला जाऊ का? सोबत त्यानं स्वतःचा एक लेखही पाठवला आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली आणि तिच्या जोडीनं भारुडं. मास्तरकी संपली, भारुडं चालू आहेत. त्या अनुभवावर हे उत्तर.

बाबा रे, शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू, तो सोपा आहे. पुण्याला जाऊ नको. निदान सुचत नाही म्हणून जाऊ नको. पुण्यातही खोलीचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं आणि ते द्यायला तुला नोकरीच धरावी लागेल. इथं निदान डबा घरचा आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं आपल्या पायानं काउंटरवर येतात. नाटक शिकायचं असेल तर गोष्ट निराळी. मग आधी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात चौकशी करून ये, तो जवळ पडतो. पण तू शिकायला निघालेला दिसत नाहीस, कंटाळून निघालेला दिसतोस. कंटाळा पिशवीत घालून नेला तर तो स्वारगेटलाही तुझ्याबरोबरच उतरेल.

'सुचत नाही' यावर मात्र सविस्तर बोलायला पाहिजे. तुझी समजूत अशी दिसते की विनोद कुठूनतरी वरून येतो आणि त्याला उतरायला डोकं रिकामं लागतं. माझा अनुभव उलटा आहे. विनोद हा नेमकेपणाचा धंदा आहे. जे आहे ते जसंच्या तसं, मापात, योग्य जागी ठेवलं की माणूस हसतो. कल्पनाशक्तीही लागते, पण नंतर आणि थोडीच.

संत एकनाथांचं 'दादला नको गं बाई' हे भारुड तू ऐकलं असशील. आमच्या कार्यक्रमात ते हमखास असतं. संसाराला विटलेली बाई गाऱ्हाणं सांगते, त्यात एक ओळ आहे: 'जोंधळ्याची भाकर, आंबाड्याची भाजी, वर तेलाची धारच नाही.' या ओळीला बाया हसतात. कुठलंही गाव असू दे, हसतातच. का हसत असतील? 'घरात खायला काही नाही' असं ती म्हणाली असती तर सगळ्यांनी नुसती हळहळ केली असती. पण तिच्या घरात भाकर आहे, भाजीसुद्धा आहे. भाजी आंबाड्याची, म्हणजे आंबट. वरून लसणाची फोडणी घातलेल्या तेलाची धार पडल्याशिवाय ती घशाखाली उतरत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळं आयुष्य ज्या एका धारेपाशी येऊन अडलंय, ती धार तिनं बरोबर धरली. मी ही ओळ म्हणताना हात वर नेतो, बुधली तिरपी करतो आणि थांबतो. 'धारच' म्हणून झालं की पुढचा 'नाही' लगेच म्हणत नाही. बुधली तिरपीच ठेवतो, खाली भाजीकडं बघतो, पुन्हा बुधलीकडं बघतो. धार पडत नाही. तोवर पुढच्या रांगेतली एखादी म्हातारी तोंडाला पदर लावते. मग 'नाही' म्हणायचीही गरज उरत नाही, ते लोकच म्हणतात.

नव्या ओळी घालायची या भारुडात सोय आहे आणि सगळे घालतात. 'मोबाईलला रिचार्ज नाही' ही आता सगळीकडं ऐकू येते. चालते. टाळ्याही पडतात. पण मला ती आळशी वाटते, कारण ती कुणाच्याही घरातली आहे, म्हणजे कुणाच्याच घरातली नाही. एकदा रेणापूरकडच्या एका गावात कार्यक्रम संपल्यावर एक बाई मला म्हणाली, 'शेगडी मिळाली, टाकी मिळाली, आता ती दुसऱ्यांदा भरायलाच जमेना.' तिनं विनोद केला नव्हता, तक्रार केली होती. मी ती ओळ तशीच्या तशी भारुडात घातली. 'दुसऱ्यांदा'वर थांबायचं. तेलाच्या धारेच्या मापाची ओळ आहे ती, आणि ती मला सुचलेली नाही, ऐकू आलेली आहे.

आता नाथांकडं हे माप कुठून आलं असेल? पैठणचे एकनाथ, १५३३ ते १५९९. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे नोकरदारच. नाथ त्यांच्याकडं राहिले, शिकले आणि त्यांचे हिशेबही सांभाळले. हिशेबात एका पैची चूक निघाली, नाथ रात्रभर दिवा लावून वह्या उलटत बसले आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदानं त्यांनी टाळी वाजवली, ही आख्यायिका आपण कीर्तनात ऐकतो. स्वामी त्या टाळीनं जागे झाले आणि म्हणाले, हेच चित्त देवाकडं लावलंस तर केवढं काम होईल. कीर्तनकार इथं थांबतात, तो त्यांचा विषय आहे. मी मात्र त्या टाळीपाशी रेंगाळतो. एका पैसाठी रात्र जागणारा आणि ती सापडली म्हणून टाळी पिटणारा माणूसच पुढं तेलाची धार बरोबर धरू शकतो. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही ही तुमच्याकडची रीत आहे ना? पन्नास रुपये कमी पडतात, सगळे पुन्हा मोजायला बसतात, रात्रीचे आठ वाजतात, आणि मग नोटांच्या बंडलात चिकटलेली एक नोट निघते. त्या वेळी तुमच्यातला एखादा तरी हसला असेल. त्या हसण्याला तू नोकरी समजतोस आणि बाजूला ठेवून लिहायला बसतोस.

दुसरं उदाहरण गंगाखेडच्या जनाबाईचं. 'दळिता कांडिता, तुज गाईन अनंता.' नामदेवांच्या घरची ती दासी, दिवसभराच्या कामातून बसून लिहायला तिला कोण सवड देणार होतं? ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर चालते. फेरा पुरा व्हायच्या आत ओळ पुरी करायची, पुढच्या फेऱ्याला पुढची. (जात्याचं कौतुक मी करत नाही. कौतुक करावं की नाही हे जातं ओढलेल्या बायांच्या खांद्यांना विचारावं.) सांगायचं एवढंच की हात गुंतलेले आणि मन मोकळं, अशा वेळात सुचतं. तुझी पंचाईत ही की पतसंस्थेत हात मोकळे आणि डोकं गुंतलेलं असतं. तिथं सुचणार नाही, ते खरं. पण या गावाहून त्या गावाला तू मोटरसायकलवर जातोस, ते तुझं जातं. त्यावर बसलास की कानात बोंडं घालून रील ऐकतोस, असं तुझ्याच पत्रात आहे. ती काढ. एवढा एक बदल महिनाभर करून बघ. आणि वाहतूक पोलिसाचीही भीती कमी होईल.

वसुलीच्या डायरीची मागची पानं कोरी असतात. तिथं विनोद लिहू नको. तिथं फक्त वाक्यं लिहायची, जशी बोलली तशी. वार, गाव, कोण बोललं आणि काय बोललं. त्याला सजवायचं नाही, पुढं 'हा हा' लिहायचं नाही. माझ्या जुन्या वह्यांतली दोन देतो. शाळेत पोरगं येईना म्हणून मी घरी निरोप धाडला, तर दुसऱ्या दिवशी बाप येऊन बाकावर बसला: 'गुरुजी, ते काय येत नाही. आजच्यापुरती हजेरी माझी लावा.' दुसरं माझ्या मेहुण्याचं, तोही तुझ्यासारखाच वसुलीला होता. थकबाकीदाराच्या आईनं त्याला दारात सांगितलं, 'तो घरी नाही साहेब. पण तुम्ही चहा घेऊन जा, तेवढाच व्याजात धरा.' या दोन्ही वाक्यांत मला एक शब्द हलवता येत नाही. 'आजच्यापुरती' काढलं की पहिलं पडतं, 'तेवढाच' काढलं की दुसरं. घरी येऊन आठवून लिहीन म्हणशील तर हेच शब्द आधी गळतात. माणसाला आशय आठवतो, शब्द आठवत नाहीत, आणि आपला सगळा माल शब्दांत असतो.

याला लागूनच बोलीचं. तुझ्या लेखात गावातली माणसं पुणेरी बोलतात आणि मध्येच 'करूलालाव', 'जाऊलालाव' म्हणून हसवायला बघतात. टीव्हीवर आपल्या बोलीचा असाच वापर होतो. लातूर-नांदेडकडचा माणूस 'काय करूलालाव' म्हणाला की प्रेक्षकांत हशा. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून उमगलेलं नाही. आपल्या घरात कुणी त्याला हसत नाही, कारण घरात सगळे तसंच बोलतात. बोली ठेवायची तर सगळ्यांच्या तोंडी ठेव, शहाण्याच्याही आणि संस्थेच्या चेअरमनच्याही. नाहीतर सगळ्यांना सरळ बोलू दे. वेंधळ्याच्याच तोंडी बोली घालणं म्हणजे आपल्याच आईच्या बोलण्यावर तिकीट लावणं.

सुचण्यासाठी आणखी एक हिकमत सांगतो, ती आपेगावच्या ज्ञानदेवांची. 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना.' पुढची ओळ मागच्या ओळीच्या शेपटीला धरून उठते: वसेचिना तिथं आले तीन कुंभार, दोन थोटे, एका घडेचिना. घडेचिना त्यानं घडली तीन मडकी, दोन कच्ची, एक भाजेचिना. भाजेचिना त्यात रांधले तीन मूग, दोन हिरवे, एक शिजेचिना. असं ते चालत राहतं. अर्थ गहन आहे, तो सांगायचा माझा अधिकार नाही. पण रचना बघ. तीन, त्यातले दोन बाद आणि तिसऱ्याचा उपयोग नाही. तिसऱ्या ओळीपर्यंत लोकांना चाल कळते, चौथ्या ओळीला ते तुझ्याआधी 'शिजेचिना' म्हणतात. बांधून घेतलं की सुचतं. मोकळ्या कागदापुढं बसलेला माणूस हा माझ्या पाहण्यातला सगळ्यात हताश माणूस. तू तुझ्या संस्थेवर या चालीत दहा ओळी कर: आले तीन कर्जदार, दोन फरार, एक भेटेचिना. भेटेचिना त्याला धाडल्या तीन नोटिसा. पुढचं तुझं तू. त्यातल्या आठ टाकाऊ निघतील. दोन ठेव.

आता रुसण्याचं. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला 'लोकांना विनोदबुद्धीच राहिली नाही' हे उत्तर देणारे मला आवडत नाहीत. लोक भरपूर हसतात. कुणाच्या जिवावर हसायचं एवढंच ते बघतात, आणि ते बघावंच.

'सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला' हे भारुड बघ. सून देवीला नवस बोलते. सासरा गावाला गेलाय, तिकडंच त्याचं बरंवाईट होऊ दे. सासू जाच करते, तिला लवकर ने. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. अशी एकेकाची वासलात लावत शेवटी 'एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला'. त्याच मांडवात सासवाही बसलेल्या असतात आणि त्या सुनांपेक्षा जास्त हसतात. कारण सासूला बाहेरून कुणी नावं ठेवलेली नाहीत. सून स्वतःच पकडली गेलीय, देवीपुढं हात जोडून, मनातलं काळं सगळं ओठावर. हसू तिच्यावर येतं, आणि प्रत्येक सासू कधीकाळी तोच नवस बोललेली असते. नाथांना त्यातून काम-क्रोध-अहंकाराचा सगळा गोतावळा घालवायचा होता, तो अर्थ आम्ही शेवटी सांगतो. पण हसणं आधी होऊन गेलेलं असतं.

तरीही त्यातलं जावेचं कडवं मी म्हणत नाही. 'बोडकी कर गं तिला' अशी ओळ आहे. समोर बसलेल्या बायांत विधवा असतात, त्यातल्या काहींच्या नवऱ्यांनी कर्जापायी जीव दिलेला असतो. नाथांच्या काळी ती शिवी असेल, माझ्या समोरच्या बाईसाठी ती परवाची गोष्ट आहे. जुन्या भारूडकऱ्यांना माझं हे पटत नाही. ते म्हणतात, संतांच्या वाणीला कात्री कशाला. मी कात्री लावत नाही, गिळतो. 'बहिरा'चं भारुडही करतो, पण बहिऱ्याची नक्कल करत नाही. ऐकायचं नाही म्हणून बहिरा झालेला माणूस उभा करतो. तो प्रत्येक ग्रामसभेत सापडतो.

लग्नातल्या सूत्रसंचालनाचं दोन ओळींत सांगतो. नवरी, तिचा बाप, देणंघेणं आणि कुणाचाही रंग-बांधा, या चार गोष्टींवर तोंड उघडायचं नाही. नवरदेवाचे बूट, बँडवाला, बाराच्या मुहूर्ताला दोन वाजेपर्यंत 'आशीर्वादपर दोन शब्द' बोलणारे पुढारी आणि तू स्वतः, हे सगळं मोकळं रान आहे. टॉवेल-टोपीच्या सत्कारात नाव राहिलं म्हणून रुसलेला पाहुणाही घ्यायला हरकत नाही, फक्त त्याचा सत्कार उरकल्यावर.

पण विनोद कुठं चालतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मी २०१६ साली लातूरजवळ पाहिलं. त्या वर्षी मार्चात पाणी भरायच्या जागी भांडणं नकोत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ऐन त्या दिवसांत एका लग्नात माइकवरच्या पोरानं जाहीर केलं: 'यजमानांची नम्र विनंती, कृपया आहेर आणू नये. आणायचाच असेल तर टँकर आणावा.' मांडव कोसळायचा बाकी राहिला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल, तर त्या दिवशीचा टँकर विकत घेऊन खिसा रिकामा झालेला नवरीचा बाप. ते तेव्हा का चाललं, तर मांडवात तहानेला कुणी अपवाद नव्हता, माइकवालाही नव्हता. पुढं पावसाळा चांगला झाला, मांजरा धरणात पाणी आलं. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका लग्नात त्याच पोरानं तेच वाक्य टाकलं. लोक जेवणाच्या रांगेकडं बघत राहिले. वाक्य तेच होतं, माप चुकलं. म्हणून सांगतो, चाललेला विनोद वहीत जपून ठेवू नको, त्याला मुदत असते.

आणि मग किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. तू तेव्हा जन्मला नसशील किंवा पाळण्यात असशील, पण औसा तालुक्यातला आहेस, तुला वेगळं सांगायला नको. काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडांमध्ये आम्हाला भजनाला बोलावलं. आम्ही जपून निवडले होते, देह नाशिवंत आहे असे अभंग. तीन-चार झाले. मग एक म्हातारे बाबा उठून म्हणाले, 'हे आम्हाला पाठ झालंय. ते दादल्याचं म्हणा.' आता 'दादला'ची सुरुवातच कशी आहे? 'मोडकेसे घर, तुटकेसे छप्पर, देवाला देवघर नाही.' ती ओळ त्या लोकांपुढं म्हणायला माझी जीभ रेटेना. मृदंगवाल्यानं दोनदा ठेका फिरवला, तरी मी गप्प. शेवटी मागून बायांनीच ओळ उचलली आणि 'मोडकेसे घर' म्हणताना त्यातल्या एकीनं डोक्यावरच्या पत्र्याकडं हात केला. हसल्या. ते हसणं कसलं होतं याचा अर्थ लावायला मी गेलो नाही, आणि तूही लिहायला जाऊ नको. एवढंच लक्षात ठेव की ती ओळ म्हणायचा हक्क त्यांचा होता. मी म्हणालो असतो आणि त्यांनी पत्र्याकडं बघितलं असतं, तर तोच प्रसंग वेगळा झाला असता.

आता तुझा लेख. 'थकबाकीदाराच्या दारी' हे नाव बरं आहे. आत मात्र तू वापरलेला विनोद हा की वसुली अधिकारी दार वाजवतो आणि आतून मालक ओरडतो, 'मी घरी नाही.' हा माझ्या लहानपणी जुना होता. तू वसुलीला आहेस, तुला असं कधी कुणी म्हणालंय? नाही ना? मग काढून टाक.

आणि खरा लेख तू कुठं टाकलायस माहीत आहे? पत्रात, ताजा कलम म्हणून. 'सर, आमच्याकडं एक जामीनदार दर महिन्याला येऊन विचारतो, त्याचा हप्ता आला का? कर्जदार निवांत असतो, याला झोप नाही.' ही दोन वाक्यं वाचून मी खुर्चीतच हसलो. अरे, कर्जदार आणि जामीनदार! सगळ्या मराठवाड्यात घराघरात एक जामीनदार आहे. कुणाच्यातरी भिडेखातर सही केली आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या तब्येतीची चौकशी करत हिंडतोय. बायको करणार नाही इतकी काळजी जामीनदार कर्जदाराची घेतो. खोकला कसा आहे, बीपीची गोळी घेतली का, सोयाबीन कधी काढणार, भाव काय लागला. कर्जदाराच्या शेतात पाऊस पडला की पहिला आनंद याला.

हे नुसतं सांगू नको, दाखव. महिन्याच्या पाच तारखेला तो येतो. काउंटरपाशी येत नाही, भिंतीवरचं व्याजदराचं पत्रक वाचत उभा राहतो. गर्दी सरली की हळूच: 'आला का?' कुणाचा, ते तो बोलत नाही, तूही विचारत नाहीस. मग एके दिवशी तो कर्जदाराला स्वतःच्या गाडीवर बसवून घेऊन येतो, पेट्रोल याचं, चहा याचा. पत्रात तू लिहिलंयस की त्या दिवशी कर्जदार मागं बसून त्याला म्हणत होता, 'जरा हळू चालव. मला काही झालं तर तुझंच वांधं होईल.'

लेख इथं संपतो. या वाक्याच्या पुढं एक अक्षर नको. तुझी सवय अशी दिसते की हशा झाला की तू लगेच 'असा हा कलियुगाचा महिमा' किंवा 'म्हणूनच म्हणतात ना' जोडतोस. भारुडात दर ओळीनंतर धृपद येतं, ते टाळकऱ्यांच्या हौसेसाठी नसतं. त्या वेळात लोक हसून घेतात आणि पुढच्या ओळीला कान मोकळे करतात. कागदावर धृपद नसतं, म्हणून तिथं जागा सोडायची. नवा परिच्छेद कर, किंवा थांब. 'महिमा' म्हणजे हसणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं.

दोन व्यावहारिक गोष्टी. जामीनदाराचं गाव बदल, गाडी बदल, पीक बदल. सोयाबीनच्या जागी ऊस घातलास तर हिशेबही बदलेल, तेव्हा तूर घाल. संस्थेचं नाव येऊ देऊ नको आणि लेख कुठं द्यायच्या आधी साहेबांच्या कानावर घाल, खातेदाराची माहिती ही तुझी मालमत्ता नाही. दुसरं, गोष्ट जामीनदाराच्या बाजूनं सांग, कर्जदाराला खलनायक करू नको. त्याचं शेवटचं वाक्य चलाखीचं आहे, पण खोटं नाही. त्याला खरंच काही झालं तर याचं वांधं होईलच.

पुन्हा लिहून पाठव. घाई नाही, मार्च एंड आहे, आधी वसुली उरक. आणि छापून आल्यावर लेख त्या जामीनदाराला दाखवू नको. तो सगळा वाचेल, घडी घालून खिशात ठेवेल आणि हळूच विचारेल, 'यावर माझी सही तर लागणार नाही ना?'